शिवणवर्ग मध्येच का सुटतो, आणि पहिल्या दोन वर्गांत काय शिकवावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही बरीच वर्षं घरी चांगलं शिवता आणि आता मोठ्या माणसांसाठी सुरुवातीचा शिवणवर्ग घेता आहात. दहा जण, दोन-दोन तासांचे सहा वर्ग. पहिल्या वर्गात मशीनचे भाग आणि हातशिलाईचे टाके, दुसऱ्यात मापं आणि ड्राफ्टिंग (मापांवरून कागदावर कपड्याचा आराखडा काढणं), तिसऱ्यापासून प्रत्येकाने आपापल्या मापाचा साधा टॉप शिवायचा, असा आराखडा होता. चौथ्या वर्गापर्यंत निम्मे लोक यायचे थांबले. अभ्यासक्रम जड झाला का, ड्राफ्टिंग पुढे ढकलावं का, आणि जे गेले त्यांना परत बोलवावं का, हे तुम्ही विचारलं आहे.

ड्राफ्टिंगचं उत्तर सोपं आहे, ते पुढे देते. पण त्याच्या आधी एक हिशेब करू या. दोन तास म्हणजे १२० मिनिटं, माणसं दहा. काहीही समजावून न सांगता तुम्ही सबंध वेळ फक्त फिरत राहिलात, तरी एकाच्या वाट्याला तुमची १२ मिनिटं येतात. नवशिक्याचा दोरा मात्र दर पाच-दहा मिनिटांनी तुटतो, खाली गुंता होतो, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी) संपतं, सुईतून दोरा निसटतो. प्रत्येक वेळी तो हात वर करतो आणि तुमची वाट पाहतो. दोन तासांतला तासभर जर वाट पाहण्यात गेला, तर मोठा माणूस पुढच्या वेळी येत नाही. शाळेतलं मूल कंटाळलं तरी बसून राहतं. नोकरी, घर, मुलं सांभाळून आलेला माणूस बसत नाही, आणि जाताना खरं कारणही सांगत नाही. ‘जमलं नाही’, ‘वेळ मिळाला नाही’ असं म्हणतो.

म्हणून माझं मत असं आहे की मोठ्या माणसांना सगळ्यात आधी अडलेलं सोडवायला शिकवावं. सरळ टीप, मापं, कटिंग हे सगळं त्यानंतर. गुंता झाल्यावर ज्याला स्वतः मशीन पुन्हा चालू करता येतं तो घरी जाऊनही शिवतो. ज्याला ते येत नाही तो तुमच्यासमोर सुंदर टॉप शिवेल, आणि घरच्या मशीनवरचं झाकण मात्र कधी काढणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. सगळ्यांची मशीन सारखी असतील तर तुमचं काम खूप हलकं होतं. प्रत्येक जण घरून वेगळं मशीन आणत असेल तर पहिला अख्खा वर्ग दोरा ओवण्यातच जाईल, आणि तो तसाच जाऊ द्यावा. दोन माणसांत एक मशीन असेल तर ती अडचण समजू नका. एकाने शिवायचं, दुसऱ्याने शेजारी बसून दोऱ्याचा मार्ग आणि सुईकडे लक्ष ठेवायचं, अशा जोड्या फार चांगल्या शिकतात. लोक कशासाठी आले आहेत हेही आधी विचारा. कुणाला घरातले कपडे दुरुस्त करायचे असतात, कुणाला स्वतःचे कपडे शिवायचे असतात, कुणाला पुढे यातून कमाई करायची असते. तिघांना एकाच सहा वर्गांत समाधान देता येणार नाही. पण पहिले दोन वर्ग तिघांचे सारखेच असतात, म्हणून मी त्याच दोन वर्गांवर जास्त बोलते.

पहिल्या वर्गात मी मशीनच्या भागांची नावं पाठ करून घेत नाही. जो भाग हाताशी येईल त्याचं नाव तिथल्या तिथे सांगते. सुरुवात होते दोऱ्याशिवाय, कागदावर. कागदावर सरळ रेषा, कोपरे, लाटा आणि एक गोल चक्री काढलेली असते आणि नुसत्या सुईने त्या रेषेवर भोकं पाडत जायचं. कागदाने सुई बोथट होते, त्यामुळे यासाठी जुनी सुई लावा आणि काम झालं की ती फेकून द्या. या सरावात दोनच गोष्टी शिकायच्या: पेडलवरचा पाय आणि वळण. पाय हलका ठेवून एक-एक टाका टाकता आला पाहिजे. कोपऱ्यावर सुई आत रुतवून ठेवायची, प्रेसर फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) उचलायचा, कागद फिरवायचा, फूट खाली आणि पुढे चालायचं. वीस मिनिटांत बहुतेकांची मशीनची भीती उतरते. दोराच नसल्यामुळे गुंता होत नाही, त्यामुळे कुणी अडकून बसत नाही.

इथेच आणखी एक गोष्ट हाताला लावून द्या. कापड ओढायचं नाही. प्रेसर फूटच्या खाली जे दाते दिसतात ते कापड मागे सरकवतात. आपले हात फक्त दिशा देतात. नवशिका मागून ओढतो, सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि तुटते. सुई तुटण्याची जी कारणं मी वर्गात पाहिली त्यांत हे सगळ्यात जास्त वेळा दिसलं. सैल बाह्या, मोकळे केस, गळ्यातली लांब माळ यांबद्दलही आत्ताच सांगा, आणि दोरा ओवताना पाय पेडलवरून खाली हवा हेही.

मग दोरा. दोरा ओवून दाखवायच्या आधी टाका पडतो कसा ते दाखवा. हाताच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं पुढच्या टोकाशी. ही सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते, वर येताना दोऱ्याचा फास सोडते आणि खालचं शटल तो फास बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवून घेतं. इलायस हाउ यांनी १८४६ मध्ये पेटंट घेतलेल्या मशीनमध्येही टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारं शटल होतं, आणि आजच्या घरच्या मशीनचं तत्त्वही तेच आहे. मी दोन रंगांच्या जाड दोऱ्या घेऊन टेबलावर हे हाताने करून दाखवते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वरचा दोरा आणि खालचा दोरा यांची कामं वेगळी आहेत हे कळतं, आणि बिघाड कुठे शोधायचा त्याचा अंदाज येतो.

वर्गात सरावासाठी वरचा दोरा लाल आणि बॉबिनमध्ये निळा ठेवा. बरोबर टीप पडली की वरून फक्त लाल आणि खालून फक्त निळा दिसतो, कारण दोन दोऱ्यांची गुंफण कापडाच्या जाडीत लपते. वर निळे ठिपके दिसले तर वरचा दोरा जास्त ताणलेला आहे; खाली लाल दिसला तर वरचा सैल आहे. एकाच रंगाच्या दोऱ्यावर हे शिकवायला मला अर्धा तास लागला असता, दोन रंगांवर ते आपोआप कळतं.

यानंतर दोरा काढायचा आणि परत ओवायचा. काढायचा, परत ओवायचा. प्रत्येकाचा हात बसेपर्यंत. यात दोन नियम मोडायचे नाहीत. पहिला: दोरा ओवताना प्रेसर फूट वर उचललेला हवा. फूट वर असताना टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, चकत्या उघड्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये जाऊन बसतो. फूट खाली असेल तर चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा नुसता वरच्या वर राहतो. दुसरा: शिवायला सुरुवात करताना आणि थांबताना दोरा वर-खाली नेणारा दांडा सगळ्यात वर आणून ठेवायचा, नाहीतर पहिल्याच टाक्याला दोरा सुईतून निसटतो. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं चार बोटं लांब सोडून मागे धरायची, हेही त्यातच येतं.

आता तीन बिघाड. नवशिक्याला शिवताना जे अडतं ते बहुतेक या तिघांपैकीच असतं, म्हणून मी ते पहिल्याच दिवशी मुद्दाम घडवून आणते. कापडाखाली दोऱ्याचं घरटं झालं तर सगळे बॉबिनकडे पाहतात, पण दोष बहुतेक वेळा वर असतो: दोरा चकत्यांत बसलेलाच नाही. सगळा वरचा दोरा काढा, फूट उचला, पुन्हा ओवा. वरचा दोरा तुटत असेल तर तो रिळापाशी किंवा कुठल्या खाचेपाशी अडकला आहे का पाहा, मग सुई पाहा. टाके सुटत असतील, म्हणजे मध्येच टाका पडतच नसेल, तर सुई वाकलेली, बोथट किंवा नीट वरपर्यंत न बसवलेली असते. सुई कुठल्या तोंडाने लावायची यात मशीनगणिक फरक असतो, म्हणून मी एकच खूण सांगते: सुईला एका बाजूने लांब खाच असते, दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने नेढ्यात जातो. घरच्या मशीनच्या सुईचा सपाट भाग त्याच्या विरुद्ध बाजूला येतो.

प्रत्येक मशीनच्या बाजूला एक जाड कागद चिकटवून त्यावर तपासायचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहा: वरचा दोरा पुन्हा ओवा, बॉबिन काढून पुन्हा बसवा, सुई बदला, आणि हे सगळं झाल्यावरच टेन्शनच्या चाकाला हात लावा. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. नवा माणूस आधी ते चाक फिरवतो, मूळ दोष तसाच राहतो आणि आता त्यात दुसरा दोष मिसळतो. हा क्रम करून झाल्याशिवाय हात वर करायचा नाही, असा वर्गाचा नियम करा. पहिल्या दिवशी तो थोडा कडक वाटतो. तिसऱ्या वर्गात तुम्हालाच मोकळा वेळ मिळायला लागतो, आणि तो वेळ खऱ्या शिकवण्याला जातो.

त्याच दिवशी उसवणं शिकवा. उसवणं म्हणजे शिक्षा, असं बहुतेकांच्या मनात असतं. म्हणून चूक व्हायची वाट न पाहता मी एक चांगली टीप मारायला लावते आणि तीच उसवायला सांगते. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापायचा, कापड उलटं करायचं आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा; तो सलग निघून येतो. उसवणी (टाके कापायचं छोटं टोकदार अवजार) कापडात खुपसून सरकवत नेली तर कापड फाटतं. ज्याला पाच मिनिटांत एक वीत शिवण उसवून कापड जसंच्या तसं ठेवता येतं, त्याला पुढे चुकायची भीती उरत नाही. हातशिलाईपैकी या टप्प्यावर मी फक्त धावदोरा घेते, कच्चं शिवण टाकण्यापुरता. बाकीचे टाके गरज पडेल तेव्हा.

दुसऱ्या वर्गात पहिली वस्तू पूर्ण व्हायलाच हवी. पिशवी किंवा मागे दोन पदर एकमेकांवर येणारा उशीचा अभ्रा, ज्याला चेन लागत नाही. दोन्ही चौकोनी असल्यामुळे सगळ्या टिपा सरळ येतात, अंगावर बसण्याचा प्रश्न नाही, आणि दोन तासांत संपतात. कापड साध्या विणीचं, मध्यम जाडीचं सुती घ्या, सुई ८०/१२ किंवा ९०/१४ (९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर). टाक्याची लांबी २.५ मिलिमीटर. निसरडं, ताणणारं किंवा पातळ झुळझुळीत कापड या टप्प्यावर कितीही सुंदर दिसलं तरी नको. कुणी हट्टाने आणलंच तर ते पुढच्या वस्तूसाठी ठेवायला सांगा. छोट्या चौकड्यांचं कापड मला फार आवडतं. चौकड्यांच्या रेषाच सरळ कापायला आणि सरळ शिवायला मदत करतात, आणि उभा धागा-आडवा धागा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सरावाला दोरा विरुद्ध रंगाचा होता, वस्तूसाठी मात्र कापडाच्याच रंगाचा घ्या. वाकडी टीप त्यात मिसळून जाते आणि माणूस ती वस्तू अभिमानाने वापरतो.

ही वस्तू होईपर्यंत इस्त्रीची सवय लागली पाहिजे. प्रत्येक टीप मारून झाली की आधी ती जशी आहे तशीच दाबायची, मग माया (शिवणीच्या बाहेर सोडलेलं जादा कापड) उघडून दाबायची, मगच पुढची टीप. इस्त्री कापडावर घासायची नाही; उचलून ठेवायची, उचलून ठेवायची, कारण घासली की तिरपं कापलेलं कापड ताणून बेढब होतं. इथे तुमच्यासाठी एक व्यावहारिक सूचना: दहा जणांत एक इस्त्री असेल तर पुन्हा रांग लागेल आणि आपण सुरुवातीला जो हिशेब केला तिथेच परत येऊ. निदान दोन इस्त्र्या ठेवा.

आता ड्राफ्टिंग. माझ्या मते सहा वर्गांत ते शिकवू नये. ड्राफ्टिंग हे महत्त्वाचं आणि आनंदाचं शास्त्र आहे, पण ते कागदावर समजायला आधी कापडाचा अनुभव लागतो. माया का सोडायची, मुंढ्याचा (बाही जिथे जोडतात त्या भागाचा) गोल पुढून जास्त खोल का, हे ज्याने एकदाही शिवलेलं नाही त्याला नुसते आकडे वाटतात. म्हणून तयार कागदी पॅटर्न द्या आणि त्यात एकच बदल करायला शिकवा, लांबी कमी-जास्त करणं. तिसऱ्या वर्गापासून टॉपऐवजी इलॅस्टिकचा पायजमा घ्या. बाही नाही, गळा नाही, बटण नाही. नेफ्यातलं इलॅस्टिक कमरेच्या मापातली चूक सांभाळून घेतं. एकच नियम कडक पाळायचा: वरचा घेर सीटच्या (नितंबांच्या घेराच्या) मापापेक्षा मोठा हवा, नाहीतर पायजमा वर चढणारच नाही. सुती कापड कापायच्या आधी धुऊन घ्या. न आटवलेलं कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि तीन-चार टक्के आटलं तरी एक मीटर लांबीत तीन-चार सेंटिमीटर जातात. नवशिक्याने मन लावून शिवलेला पहिला कपडा धुतल्यावर तोकडा झाला तर त्याचं मन फार खट्टू होतं.

मायेबद्दल मोठ्या माणसांशी आकड्यांत बोला; त्यांना ते आवडतं. पॅटर्नमध्ये माया १.५ सेंमी आहे आणि कुणी प्रत्येक टीप ३ मिलिमीटर आत घेतली, तर एका शिवणीत दोन्ही कापडं मिळून ६ मिलिमीटर जातात. घेरात अशा चार शिवणी असतील तर कपडा जवळजवळ अडीच सेंटिमीटर आवळ होतो. हाच ३ मिलिमीटरचा फरक पिशवीच्या बाजूला पडला तर काहीही बिघडत नाही. कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे असं हिशेबाने सांगितलं की उगाच प्रत्येक टीप उसवत बसणारा माणूस पुढे सरकतो, आणि ‘चालतंय की’ म्हणणारा माणूस जिथे थांबायला हवं तिथे थांबतो.

शिकवण्याच्या पद्धतीत दोन बदल सुचवते. सगळ्यांना मशीनभोवती गोळा करून पायजमा शेवटपर्यंत शिवून दाखवू नका. मागे उभ्या असलेल्यांना काही दिसत नाही, आणि जागेवर जाईपर्यंत तिसरी पायरी विसरलेली असते. त्याऐवजी टप्प्याटप्प्याचे नमुने करून ठेवा: एका तुकड्यावर फक्त पायांच्या शिवणी झालेल्या, दुसऱ्यावर दोन्ही पाय जोडलेले, तिसऱ्यावर नेफा दुमडलेला, चौथ्यावर इलॅस्टिक घातलेलं. हे भिंतीला टाचून ठेवा. माणूस उठतो, हातात घेऊन उलट-सुलट पाहतो आणि स्वतः पुढे जातो. वेगाने शिकणाऱ्यांना तुमच्यासाठी थांबावं लागत नाही, आणि हळू शिकणाऱ्यांना तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारायचा संकोच राहत नाही. हे नमुने करायला तुमची एक सुट्टी जाईल, पण ते पुढच्या प्रत्येक तुकडीला वापरता येतात.

दुसरा बदल जास्त कठीण आहे. विद्यार्थ्याला उठवून त्याच्या खुर्चीवर बसू नका. कडेला उभं राहून बोटाने दाखवा, हात त्याचेच चालू द्या. तुमच्या हाताने एका मिनिटात होणारं काम त्याच्या हाताने सात मिनिटांत होईल. ती सात मिनिटं म्हणजेच वर्ग. अपवाद एकच. तपासायचा क्रम पूर्ण झाला, सुई बदलली, तरी मशीन टाके सोडतंय, तर दोष यंत्रात आहे. तेव्हा त्याला तत्काळ दुसरं मशीन द्या आणि दोष त्याचा नाही हे सगळ्यांसमोर सांगा.

वयाचाही विचार करा. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसतं, आणि बरेच जण ते बोलून दाखवत नाहीत. सुईत दोरा जात नाही तेव्हा ‘मला जमतच नाही’ असं म्हणतात. सुईजवळ चांगला दिवा द्या, नेढ्यामागे पांढरा कागद धरायला शिकवा, दोऱ्याचं टोक तिरपं कापायला सांगा, आणि जवळचा चष्मा आणायची सूचना वर्गाच्या आधीच सगळ्यांना द्या, म्हणजे ती कुणा एकाला दिल्यासारखी वाटत नाही. डावखुरे असतील तर त्यांच्यासाठी डावखुरी कात्री ठेवा. उजव्या हाताच्या कात्रीने डावखुऱ्याला कापायची रेषा पात्याआड जाते आणि कापड चेपतं, मग बिचारा सगळ्या वर्गात हळू ठरतो.

तर वर्गांची वाटणी साधारण अशी होईल: पहिला कागद, दोरा आणि बिघाडांचा; दुसरा पिशवीचा; तिसऱ्यात धुतलेलं कापड, पॅटर्न मांडणं आणि कापणं; चौथा-पाचवा पायजम्याचा; आणि सहावा मोकळा. मोकळा म्हणजे रिकामा नाही. मागे राहिलेल्याने पायजमा संपवायचा, ज्याचं झालं त्याने खिसा लावायचा किंवा घरून एखादा फाटका कपडा आणून दुरुस्त करायचा. मोठ्या माणसांच्या वर्गात कुणाचा ना कुणाचा एक वर्ग बुडतोच, आणि हा सहावा वर्ग नसेल तर ज्याचा बुडला तो परत येत नाही.

जे गेले त्यांना नक्की बोलवा, पण पुन्हा पूर्ण वर्गात नको. दोघा-तिघांना तासभर, तुमच्या सोयीच्या वेळी. त्यांचा टॉप ज्या अवस्थेत असेल तसा घेऊन यायला सांगा, पण त्या दिवशी तो बाजूलाच राहू द्या. आधी दोरा काढून पुन्हा ओवायचा, मुद्दाम घरटं करून ते सोडवायचं, एक टीप उसवायची, आणि जाताना पिशवी पूर्ण करून न्यायची. ज्याची पिशवी झाली त्याला त्या टॉपबद्दल विचारा. तो पुढे शिवायचा की त्याचं कापड दुसऱ्या कशाला वापरायचं, हे ज्याचं त्याला ठरवू द्या.